भागवाले काका

चौथ्या भागात भूत अंतराळात जातं, हा सिद्धांत भागवाले काकांचा. पुरावे तोंडपाठ आहेत. लोकलमध्ये विठ्ठलवाडीला सुरुवात केली की उल्हासनगर यायच्या आत देऊन होतात. 'क्रिटर्स'चा चौथा भाग, 1992 सालचा : अंतराळ. 'हेलरेझर'चा चौथा, 1996 : अंतराळ. 'लेप्रेकॉन'चा चौथा त्याच सुमाराचा, त्यांनी तर अंतराळ नावातच घालून टाकलं. "साधा हिशेब आहे," काका चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून सांगतात, "खाली शूटिंग करायचं तर वाडा लागतो, झाडं लागतात, कंदील घेऊन पळणारे गावकरी लागतात. वर काय लागतं? पत्र्याची एक खोली आणि लुकलुकणारे चार दिवे. बजेट संपलं की भूत वर जातं."

आपल्याकडे भयपटांचे शौकीन भरपूर आहेत, पण काका त्यांच्यातले नव्हेत. शौकीन माणूस पहिला भाग बघतो, दुसऱ्याला नाकं मुरडतो आणि तिसऱ्यापासून 'आता पूर्वीची मजा राहिली नाही' म्हणायला मोकळा होतो. काकांच्या लेखी पहिला भाग म्हणजे नुसतं प्रवेशमूल्य. त्यांचा खरा इलाखा सुरू होतो तो थिएटरवाल्यांनी हात वर केल्यानंतर, पाचवा, सहावा, सातवा असे भाग पडद्याचं तोंडही न बघता थेट कॅसेटवर नाहीतर डिस्कवर उतरू लागतात तिथून. लग्नात जेवायला सगळेच येतात, मांडव सोडायला थांबणारे निराळे. काका मांडव सोडणाऱ्यांतले.

घर बदलापूरला कात्रपात, नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत स्टोअरकीपरची आणि मालाची खरेदी उल्हासनगरात. तिन्ही गावांचा इतका समतोल वापर करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. बाकीचे आम्ही अंबरनाथ, बदलापूर ही नावं गाडीच्या पाटीवरच वाचतो. काकांना उल्हासनगरबद्दल विशेष आदर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या जुन्या छावणीत आणून उतरवलं, 8 ऑगस्ट 1949 ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि बराकीत राहून या मंडळींनी पापडापासून जीन्सपर्यंत सगळं बनवून दाखवलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद जुना झाला, पण काका तो विनोद म्हणून सांगतच नाहीत, गुणवत्तेची खूण म्हणून सांगतात. शिवाय कॅम्प एक ते कॅम्प पाच, म्हणजे गावच मुळी पाच भागांचं. "आणि पाचवा पहिल्यापेक्षा पडलेला नाही," काका म्हणतात, "असं जगात हे एकच उदाहरण."

गजानन मार्केटकडून गोल मैदानाकडे जाताना कुठेतरी एका गाळ्यात काकांचा शेठ बसायचा. 2007 च्या सुमारास मोझर बेअरने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी बाजारात आणली, तेव्हा सगळ्या डिस्कवाल्यांची झोप उडाली. शेठ मात्र निवांत. त्याच्याकडे जो माल होता तो मोझर बेअरच काय, कोणीच काढणार नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन डिस्का, वर फोटोकॉपी केलेलं कव्हर, कव्हरवर चित्रपटात नसलेली बाई. काका डिस्क बोटावर चढवून ट्यूबलाइटखाली तिरकी धरत. इंद्रधनुष्य नीट उमटलं की पास. मध्ये कुठे आडवी रेघ दिसली की शर्टाच्या टोकाने गोल-गोल पुसत, पुन्हा धरत आणि मग शेठकडे असं बघत की शेठ न बोलता पाच रुपये कमी करी.

एकदा पिशवीत पहिली डिस्क सहाव्या भागाची आणि दुसरी पाचव्या भागाची निघाली. काकांनी दोन्ही लागोपाठ पाहिल्या. चूक लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी, वहीत नोंद करताना. नायक मध्यंतरात बदलला होता हे त्यांना जाणवलं होतं, पण तो झपाटला असेल असं त्यांनी धरलं.

ही वही बघण्यासारखी आहे. वही कसली, कंपनीत प्रत्येक खणाला टांगतात तशी बिन कार्डं एकत्र शिवलेली. एका मालिकेला एक कार्ड. तारीख, आवक, जावक, शिल्लक, शेरा असे रकाने. 'हेलरेझर'चं कार्ड मी स्वतः वाचलंय. आवक : भाग सात. जावक : दीड तास. शिल्लक : भीती निल. शेरा : 'टाचणीवाला एकूण पाच-सहा मिनिटं. बाकी वेळ बाई जिने चढते.' हा टाचणीवाला म्हणजे पिनहेड, मुंडक्यात चौकटी आखून खिळे ठोकलेला तो पांढराफटक गृहस्थ. डग ब्रॅडली नावाच्या नटाने 1987 पासून आठ चित्रपटांत खिळे ठोकून घेतले. त्या माणसाबद्दल काका 'आमचे ब्रॅडलीसाहेब' असं बोलतात, आवाज उतरवून, जणू साहेब मागच्याच महिन्यात निवृत्त झाले.

सातव्या भागाची आणखी एक गंमत काकांनी मला समजावून दिली. ती गोष्ट मुळात हेलरेझरची नव्हतीच. कोणीतरी वेगळ्याच चित्रपटासाठी लिहिलेली पटकथा पडून होती, ती उचलली, मधे मधे टाचणीवाला टाकला, रुमानियात नेऊन आठव्या भागाबरोबर एका दमात शूटिंग उरकलं आणि 2005 साली दोन्ही डिस्का बाजारात. मला हा बनवाबनवीचा प्रकार वाटला. काका खुलले. "बॉडी दुसऱ्याची, नेमप्लेट आपली! गाडी पळाल्याशी मतलब." हेच त्यांनी शेठला सांगितलं, तेव्हा शेठला काही समजावून द्यावं लागलं नाही. तो नुसता हसला आणि शटरकडे बघून म्हणाला, "ये तो इधर का ही आदमी लगता है।"

काकांचं खरं दैवत मात्र रॅमसे बंधू. त्यांच्याबद्दल बोलताना त्यांच्यातला स्टोअरकीपर जागा होतो. रामसिंघानी कुटुंब कराचीचं, रेडिओच्या दुकानाचं. फाळणीत मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान मांडलं आणि सिनेमात पैसे घातले. 1970 साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्यासाठी लोक तिकीट काढत आणि तो प्रसंग संपला की उठून जात, हे मुलांनी थिएटरात बसून टिपलं. लोक ज्यासाठी येतात तेवढंच द्यावं, बाकीचं काढून टाकावं, इतका सरळ विचार सिनेमावाल्याला सुचत नाही, त्याला दुकानदारच लागतो. 1972 ला 'दो गज ज़मीन के नीचे' आला. महाबळेश्वरला सगळं बिऱ्हाड नेलं, सात भावांनी खाती वाटून घेतली, दिग्दर्शन कोणाचं, कॅमेरा कोणाचा, आवाज कोणाचा, संकलन कोणाचं. खर्च म्हणे साडेतीन लाखांच्या आसपास. "लेबर चार्ज शून्य!" काका मांडीवर थाप मारतात, आणि चौथ्या सीटवर मांडी बहुधा शेजाऱ्याची असते.

'पुराना मंदिर' 1984 चा. त्यातला सैतान सामरी चालला, म्हणून पुढच्याच वर्षी नुसता 'सामरी', तोही थ्रीडीत. जुना स्टॉक पडून ठेवायचा नाही, हे काकांना फार पटतं. मंदिराचं नाव निघालं की अंबरनाथला उतरणाऱ्यांपैकी कोणीतरी हटकून म्हणतं, पुराना मंदिर आमच्याकडे आहे, शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, बघायला या. काका त्यावर गंभीरपणे सांगतात की तिथे भुताचा निभाव लागणार नाही. महाशिवरात्रीची जत्रा एकदा पाहिली की सामरी स्वतः मुंडकं हातात घेऊन शहाडमार्गे कसाऱ्याला निघून जाईल.

मराठी अभिमानाचा मुद्दा निघाला की काका बाहुल्यावर येतात. अमेरिकेत 1988 ला चकी या बाहुल्याचा 'चाइल्ड्स प्ले' आला, आपल्याकडे 1993 ला महेश कोठारेंचा 'झपाटलेला'. रामदास पाध्यांनी तात्या विंचू घडवला आणि एक पिढी दिवे लावून झोपायला लागली. पुढे 2013 साली योग असा आला की एकाच वर्षी दोन्ही बाहुले परतले : तात्या 'झपाटलेला 2' मधून थ्रीडीत, थिएटरात, आणि चकी थेट डिस्कवर. "बघा," काका म्हणाले, "त्यांचा बाहुला डिस्कवर आला आणि आपला पडद्यावर." आनंद झाला खरा, पण निर्भेळ नव्हता. थिएटरात आला म्हणजे तात्या त्यांच्या खात्यातून गेला. त्याचं बिन कार्ड त्यांनी शिवून ठेवलं होतं, ते कोरंच राहिलं.

असल्या मालाचा उपयोग काय, असं विचारायची सोय नाही. विचारलं की काका लिओनार्दो दी कॅप्रिओ काढतात. त्याचा पहिला चित्रपट 'क्रिटर्स 3', 1991, थेट व्हिडिओवर. केसाळ चेंडूंसारखे प्राणी इमारतीत शिरतात आणि हा पोरगा जिन्यात धावतो. नेओमी वॉट्स? 'चिल्ड्रन ऑफ द कॉर्न'चा चौथा भाग. पुढे सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल? 'हेलरेझर'चा आठवा. "'टायटॅनिक'ला तुम्ही रडलात," काका आमच्या ग्रुपकडे बोट फिरवतात, "मी त्याला त्याच्या पडत्या काळात सांभाळलाय." पडता काळ होता तेव्हा तो मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता आणि काकांचे अठ्ठावीस रुपयेसुद्धा त्याला मिळालेले नाहीत, पण हे गाडीत कोण बोलणार?

घरात काकूंचं मत स्वच्छ आहे. त्यांच्या मालिका संध्याकाळी सात ते साडेदहा, त्यानंतर काकांचं भूत. "तुमचं भूत दहा भागांत दमतं," त्या म्हणतात, "आमच्यातली सासू हजार भाग झाले तरी ताजी आहे." काकांनी यावर प्रतिवाद केल्याचं ऐकिवात नाही. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका रखडल्याची चर्चा निघाली तरी ते असेच शांत असतात. दोन भाग चालले म्हणून तिसरा-चौथा जाहीर केला, शूटिंग चालू आहे, येईल, एवढंच म्हणतात.

त्यांना सगळ्यांत जवळचा वाटतो तो मात्र 'हेलरेझर'चा नववा भाग, 2011 चा. तो कोणासाठी काढलाच नव्हता. कंपनीकडचे हक्क हातचे जायला आले होते, ते टिकवायचे तर काहीतरी काढून दाखवणं भाग होतं. मग किरकोळ पैशांत, काही आठवड्यांत, उरकलं. ब्रॅडलीसाहेबांनी नकार दिला, म्हणून दुसऱ्याच कोणाच्या डोक्यात खिळे ठोकले. बघणाऱ्यांनी शिव्या घातल्या, मूळ लेखक क्लाइव्ह बार्करने जाहीरपणे हात झटकले. काकांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. त्यांच्या पहिल्या कंपनीत कारखाना वर्षभर बंद असतानाही बॉयलरचं सर्टिफिकेट ते न चुकता रिन्यू करून आणत. इन्स्पेक्टर यायचा म्हणून बॉयलर तेवढा एक दिवस पेटवायचा, वाफ दाखवायची, विझवायचा. नववा भाग त्यांनी त्याच भावनेने पाहिला, मधे पाणी प्यायलाही न उठता. बदलापुरात रात्री दीड वाजता इन्स्पेक्शन पूर्ण झालं. कार्डावर शेरा आहे : 'चालू स्थितीत.'

आता शेठच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. काकांचा डीव्हीडी प्लेअर अजून आहे, ट्रे बाहेर यायला खालून चिमटा लावावा लागतो एवढंच. परवा पुतण्याने हौसेने 2022 चा नवा 'हेलरेझर' कुठूनसा मिळवून लॅपटॉपवर लावून दिला. पैसा ओतलेला, फोटोग्राफी उत्तम, टाचणीवालं पात्र या खेपेला बाईने केलेलं आणि जबर केलेलं. काका अर्ध्या तासात दोनदा उठून दाराची कडी बघून आले. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'भीती वाटली. माल ऑर्डरप्रमाणे नाही. परत.'