पेन्सिलवाल्या इन्चार्ज सिस्टर

सरकारी कागदावर त्यांचं पद 'परिसेविका'. वॉर्डात या नावाने हाक मारली तर कोणीच वळून बघणार नाही. त्या 'इन्चार्ज सिस्टर'. गोंदिया जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात अशी एक तरी सापडतेच: खिशात कात्री, कपाळावर आठी आणि हातात टोक केलेली पेन्सिल. पेन्सिलच का? नाइटचा रिपोर्ट लाल शाईत लिहायची जुनी रीत, त्यामुळे लाल पेनाने चूक उठून दिसत नाही. हिरवी शाई साहेब लोकांची. उरली पेन्सिल.

सकाळी ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेताना ती पेन्सिल चालू होते. 'पेशंट स्लेप्ट वेल' हे वाक्य व्याकरणाने बिनचूक. पण शेजारच्या चार्टवर रात्री दोनला १०३ ताप! "काहून वं, तो झोपला होता का तू?" व्हाइटनर दिसला तर मग खैरच नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला सही, वेळ. खालचं वाचता आलं पाहिजे.

१९६२ साली सरकारने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले. त्यांत अनुस्वार आहे, ऱ्हस्व-दीर्घ आहे. शून्याचं मात्र नाव नाही. ती उणीव सिस्टरांनी भरून काढली. '.५' मिलिग्रॅम लिहिलं आणि ठिपका पुसट उमटला की त्याचे पाच होतात, म्हणून आधी शून्य हवंच. '१.०' चे दहा होतात, म्हणून नंतरचं शून्य नकोच. इन्सुलिनच्या चारापुढे इंग्रजी 'यू' काढला तर तो शून्य वाटून चाळीस होतात, म्हणून 'युनिट' पूर्ण लिहायचं. 'डायरिया'चं स्पेलिंग मात्र वॉर्डात पाच तऱ्हांनी सुखाने नांदतं. "त्यानं कोणाचे जुलाब वाढत नाहीत," असा सिस्टरांचा निर्वाळा आहे.

पेशंटच्या बोलण्याला पेन्सिल लावलेली त्यांना खपत नाही. अर्जुनी-मोरगावकडची एक म्हातारी म्हणाली, "डोरा दुकते जी." झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. सांगलीहून नव्याने आलेल्या पोरीने 'दोरा' ऐकला आणि लिहून टाकलं, 'टाके दुखतात'. म्हातारीच्या अंगावर जन्मात टाका पडलेला नव्हता. "बाई बोलली तसंच लिही," सिस्टर म्हणाल्या. "तिला मराठी सुधारायला भरती नाही केलं."

राहता राहिले डॉक्टर. औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ सालीच झाला. पण तो डॉक्टरांना दाखवणार कोण? सिस्टर केसपेपर घेऊन अदबीने उभ्या राहतात. "सर, जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या ना. माझा चष्मा जुना झाला." तरुण डॉक्टर ओशाळून कॅपिटलमध्ये लिहून देतात. चष्मा परवाच नवीन केलेला असतो.