एक जीबीपीएसची वरात

‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच औषध होतं: लाइन वाढवू. ते लिहून द्यायला अक्कल लागत नाही आणि बिल कंपनी भरते. चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा मी आयटी मॅनेजर. म्हणजे सर्व्हरपासून प्रिंटरच्या टोनरपर्यंत सगळं माझ्या अंगावर, शिवाय एमडींच्या घरचं वायफाय.

साठा आणि चलनं सांभाळणारं आमचं सॉफ्टवेअर, म्हणजे ईआरपी, टेबलाखालच्या एका जुन्या सर्व्हरवर मुकाट चालत होतं. पण एका प्रदर्शनात मी क्लाउडवरचं भाषण ऐकलं, फुकटची पिशवी आणि पेन घेतलं आणि थेट एमडींच्या केबिनमध्ये शिरलो.

“सर, सगळा डेटा क्लाउडवर नेऊ.”

“म्हणजे नक्की कुठे?”

माणूस मूळचा टर्नर. वस्तू कुठे ठेवली आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी कीव आल्यासारखा हसलो. “सर, क्लाउडला पत्ता नसतो.”

असतो. खातं उघडताना समोर एक यादी येते आणि आपला सर्व्हर कुठल्या गावच्या डेटा सेंटरमध्ये हवा, ते तिथे निवडायचं असतं. यादीत वरच अमेरिकेतलं व्हर्जिनिया होतं, दरही मुंबईपेक्षा कमी. मी ते निवडलं आणि कंपनीचे पैसे वाचवल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारतींवर इमारती उभ्या आहेत. सकाळी चाकणहून निघालेला माणूस जेवायच्या आत तिथे पोचतो. आमची चलनं मात्र मी अटलांटिकपल्याड धाडली.

सोमवारी स्टोअरमध्ये चलनाची स्क्रीन उघडायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागू लागलं. गेटवर ट्रक तुंबले. ड्रायव्हर माझ्या नावाने काय बोलत होते ते गेटवरच्या मामांनी मला सांगितलं. थोडं गाळून सांगितलं, तरी पुरेसं होतं.

माझं पहिलं निदान: डिस्क. फिरत्या डिस्कला हवी ती जागा गाठायला साधारण 10 मिलीसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा बारीकसा अंश. हे शंभर टक्के खरं आहे आणि आमच्या दुखण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. महागडी एसएसडी घेतली. सेकंदभर वाचला असेल, तोही बहुधा माझ्या मनात.

मग जुनं औषध काढलं. 100 एमबीपीएसची लाइन होती ती 1 जीबीपीएस केली, तीन वर्षांच्या करारावर. फायबरचा डबा भिंतीवर लागला त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, मी फोटो काढून घेतले. एमडींनी विचारलं, “म्हणजे 1 जीबीची फाइल एका सेकंदात येणार?” मी म्हटलं, “येणारच!” आता लाइनवाले मोजतात बिट आणि फाइलवाले बाइट, 8 बिटांचा एक बाइट. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी 8 सेकंद. एमडी घड्याळ लावून उभे राहिले. ते 8 सेकंद संपता संपेनात.

आणि चलन? तेवढंच. 35 सेकंद. दसपट रुंद लाइनने त्यातला एक सेकंदही कमी केला नाही. मी स्विच बदलायचं कोटेशन मागवायला घेतलं होतं, तेवढ्यात स्टोअरमधल्या ताई आल्या. हातात वही.

“साहेब, एक सांगू का? एका आयटमचं चलन झटकन निघतं. दहा आयटमचं असेल तर माझा अर्धा घोट चहा होतो. चाळीसचं असलं की कप संपतो. लाइनचं असतं तर सगळीच सारखी रडली असती ना?”

कोटेशन तसंच राहिलं. सर्व्हरला पिंग मारला, तर एका फेरीला 220 मिलीसेकंद. आमचं ईआरपी एकेका आयटमसाठी दर, साठा, कर आणि एचएसएन कोड असे चार प्रश्न वेगवेगळे विचारत होतं; एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विचारायचा नाही. चाळीस आयटम म्हणजे 160 फेऱ्या, म्हणजे 35 सेकंद. टेबलाखालच्या सर्व्हरकडे हीच फेरी अर्ध्या मिलीसेकंदात व्हायची, त्यामुळे ईआरपीचा हा फेऱ्या मारायचा स्वभाव कुणाच्या लक्षातच आला नव्हता. पंगतीत एखादा वाढपी आधी मीठ घेऊन येतो, मग लिंबासाठी परत जातो, मग चटणीसाठी, तसा हा प्रकार. मी काय केलं, तर स्वयंपाकघराचं दार दहापट रुंद करून घेतलं आणि वर त्याला हार घातला.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. पुण्याहून व्हर्जिनिया सरळ रेषेत जवळजवळ 13 हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन 130 मिलीसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. यात कुठल्याही कंपनीचा माणूस सवलत देऊ शकत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी 1994 च्या सुमारास नेटवर्कबद्दलच्या गैरसमजांची एक यादी केली. तिच्यात दुसराच गैरसमज आहे: फेरीला वेळ लागत नाही. मी ती यादी कॉलेजात पाठ केली होती. मार्कही चांगले पडले होते.

आणखी जिव्हारी लागणारी गोष्ट पुढेच आहे. 2010 मध्ये स्प्रेड नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीने शिकागो ते न्यू जर्सी अशी होईल तितकी सरळ फायबर लाइन टाकली, वाटेतले डोंगर फोडून. खर्च सुमारे 30 कोटी डॉलर. कमाई काय, तर फेरीतले तीनेक मिलीसेकंद वाचले. शेअरबाजारातल्या लोकांना तेवढेही हवे होते. मी एका क्लिकमध्ये 220 घालवले आणि वर पेढे वाटले.

पुढचं लवकर आटोपलं. सर्व्हर मुंबईत आणला. प्रोग्रामरने चाळीस आयटमची माहिती एकाच फेरीत मागवायची सोय केली, ते काम त्याने दुपारी जेवणानंतर संपवलं. आता चलन बटण दाबताच येतं. ताईंना चहा निवांत पिता येत नाही, ही त्यांची नवी तक्रार आहे. एमडींनी एवढंच विचारलं, “आता कुठे आहे?” मी गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “बघून येऊ एकदा.”

1 जीबीपीएसची लाइन मात्र करार असल्यामुळे चालूच आहे. दिवसभरात तिचा दहावा हिस्सासुद्धा वापरला जात नाही. रात्री मामा तिच्यावर क्रिकेट बघतात आणि चित्र अजिबात अडकत नाही म्हणतात. तुमच्या कंपनीत कुणी लाइन वाढवायचा अर्ज पुढे केलाच, तर सही करण्याआधी त्याला पिंगचा आकडा विचारा. आणि त्याला तो माहीत नसेल, तर माझा नंबर देऊ नका.