बावीस इंची हौस

वळवाच्या पावसात बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली आणि आमची गाडीवाट बंद झाली. नोकरी सांगलीत, रान कोरेगाव तालुक्यात. आल्याची लागण तोंडावर आलेली आणि शेणखताची ट्रॉली वाटेत उभी. गावात मशीननं लाकडं तोडणारा एक गडी आहे, त्याला बोलाव, असं आबा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले. गड्यानं मजुरी सांगितली. ती ऐकून मी मनातल्या मनात हिशेब केला, की यात थोडी भर घातली तर मशीनच येतं. माझ्या आयुष्यातली बहुतेक नुकसानं ‘थोडी भर घातली तर’ या शब्दांनी सुरू झालेली आहेत.

खरं तर यंत्राशी आमचं नातं जुनं. लोखंडी नांगर बनवणारी किर्लोस्करवाडी 1910 साली ज्या माळावर वसली तो माळ आमच्याच सांगली जिल्ह्यातला. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची धास्ती होती. शंभर वर्षांत आम्ही एवढे सुधारलो की आता धास्ती वाटते ती यंत्र घरी आल्यावर.

सांगलीच्या बाजारातल्या दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, “बुंधा केवढा?” मी हात फाकवून दाखवला, आणि हात जरा जास्तच फाकले. “सोळा इंची पट्टी बास होईल,” तो म्हणाला. चेन जिच्यावरून पळते ती पट्टी बुंध्याच्या जाडीपेक्षा थोडी लांब असली की पुरे. उगाच लांब घेतली तर तेवढीच लांब चेन ओढताना इंजिनाचा दम जातो, आणि पट्टीचं टोक झाडापलीकडं आपल्या नजरेआड कुठं लागतंय ते कळत नाही. टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की अख्खं मशीन उलटं उसळून तोंडावर येतं. हँडलपुढचा तो प्लॅस्टिकचा दांडा हात वाचवायला तर आहेच, पण मशीन उसळलं की मनगटाच्या धक्क्यानं चेनचा ब्रेकही लागतो. हे सगळं त्यानं पोटतिडकीनं समजावून सांगितलं. मी मान डोलवत होतो आणि माझी नजर मागच्या फळीवरच्या बावीस इंची, डब्यावर 58 सीसी छापलेल्या, कुणीही नाव न ऐकलेल्या कंपनीच्या मशीनवर खिळली होती. गावात चारचौघांपुढं सोळा इंची काढायचं म्हणजे काय शोभा!

मग त्यानं खास पँट दाखवली. आत लांब धाग्यांचे थर असतात. चालू चेन मांडीला लागली तर धागे उपसून निघतात, चेनच्या चक्रात गुंततात आणि चेन जागच्या जागी थांबते. जाळीची चौकट आणि कानांवर टोप्या असलेलं हेल्मेटही होतं, कारण या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. दोन्हींची किंमत ऐकून मी म्हटलं, “घरी आहे तसलंच.” घरी मुलाचे क्रिकेटचे पॅड होते. चेन त्यांतून लोण्यातून जावी तशी गेली असती, पण मांडी झाकलेली दिसत होती आणि तेवढ्यावर माझं समाधान झालं.

रविवारी सकाळी पॅड बांधून, मोटारसायकलचं हेल्मेट घालून मी बांधावर उतरलो. आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“टॉस कुणी जितला?”

हां हां म्हणता दहा-बारा माणसं जमली. मी दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली, खोकलंही नाही. चोक लावला, काढला, पुन्हा लावला. प्लग पेट्रोलनं ओला झाला, तो काढून पुसला. पेट्रोल मी विकत आणलंच नव्हतं. फवारणीच्या पंपासाठी टूटी ऑईल घालून ठेवलेलं मिश्रण संक्रांतीपासून गोठ्यातल्या कॅनमध्ये पडून होतं, ते कशाला वाया घालवा? आता गंमत बघा. आमच्या भागातला ऊस कारखान्यात जातो, तिथं त्याचं इथेनॉल होतं आणि वीस टक्क्यांच्या हिशेबानं ते पेट्रोलमधून आम्हालाच परत मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि महिनोन्महिने पडून राहिलेलं मिश्रण कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. थोडक्यात, माझं मशीन बंद पाडायचा कच्चा माल आम्हीच पिकवला होता.

ताजं पेट्रोल आणलं. लिटरला चाळीस मिली ऑईल, पंचवीसास एक या हिशेबानं, खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून घातलं. मशीन असं डरकाळलं की बांधावरच्या कोंबड्या उसात शिरल्या. पट्टी खोडावर टेकवली आणि धूर निघाला. आणखी दाबली, आणखी धूर. खोड काळं पडलं, जळक्या सालीचा वास सुटला, पण भुसा म्हणून चिमूटभर पडेना.

“आरं, चुलीवर ठिवली असती तर आत्तापतुर निम्मी जळली असती,” आबा म्हणाले.

चेन उलटी बसवली होती. एकेका दाताची धार असते पुढं, आणि पट्टीच्या वरच्या अंगाला दातांची तोंडं टोकाकडं लागतात. माझे सगळे दात पाठमोरे धावत होते. हे ध्यानात आणून दिलं ते सातवीतल्या एका पोरानं, तेही चिंचा खात खात.

चेन सरळ केली आणि मग मात्र कापलं. भुसा नव्हे, चांगले जाड छिलके उडाले. तो आनंद मिनिटभर टिकला असेल. तोवर आतून ठिणग्या निघाल्या. कधी काळी कुंपणाची काटेरी तार या बाभळीला ठोकली होती, ती झाडानं गिळून टाकली होती. दात बोथटले, छिलक्यांच्या जागी पीठ पडायला लागलं, चीर उजवीकडं वाकडी वळली. शहाण्यानं इथं थांबून कानस काढली असती. माझ्याकडं कानसच नव्हती, म्हणून मी सगळं वजन टाकून दाबलं. खोडाचं एक टोक बांधावर, दुसरं पलीकडं, मधला भाग अधांतरी. असं खोड वरून कापलं की ते खाली झुकतं आणि वरची चीर मिटते. वरून थोडं कापून घेऊन बाकीचं खालून वर कापत यायचं असतं, नाहीतर चिरीत पाचर ठोकायची असते. मी वरूनच कापत गेलो. चिरीनं पट्टी करकचून धरली आणि मशीन बंद पडलं.

रात्री पाऊस आला. मशीनवर खताचं पोतं टाकून त्याला खोडातच सोडून आम्ही घरी आलो. सकाळी आबांनी दोन पाचरी आणि कुऱ्हाडीचा तुंबा एवढ्यावर ते सोडवलं. झाडाचं नशीब म्हणा किंवा माझं, ती बाभूळ होती आणि आपणहून पडली होती. आंबा, फणस, चिंच असलं झाड आपल्याच रानात उभं असलं तरी 1964 च्या कायद्यानं परवानगीवाचून तोडता येत नाही. माझ्या वेगानं तोडायला घेतलं असतं, तर तोडून होण्याआधी परवानगी नक्की आली असती.

चेन पिशवीत घालून मी मिरजेला गेलो. तिथं मुलीचा तंबोरा दुरुस्त करून देणारे एक कारागीर आहेत. धारेचं माणूस शोधायचं तर मिरजेत, हे माझं त्या सगळ्या प्रकरणातलं एकमेव शहाणपण. तलवारी-भाल्यांना धार लावणारी इथली शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला लागली. त्यांतल्या फरीदसाहेबांचं नाव आजही सतारवाले आदरानं घेतात, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांच्या राशीत बसून माझे कारागीर तारांखालच्या घोडीची जवारी काढत होते. कानशीचा एक हलका हात, मग तार छेडायची, ऐकायची, पुन्हा अर्धा हात. मी चेन पुढं केली. “हे आपलं काम नव्हे,” ते म्हणाले, पण चष्मा खाली ओढून चेन बोटांवरून सरकवायला लागले. “एक दात डावा, एक उजवा. डावे झिजलेत जास्त. मग करवत सरळ कशी जाईल?”

ही डाव्या-उजव्या दातांची रचना 1946 साली जो कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याला सुचली. लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी डावीकडून उजवीकडं तोंड फिरवत कशी खाते, ते तो बघत राहिला होता. मी मात्र त्याच्या आठ दशकांनंतर तार पोखरली होती.

कारागिरांनी मला गोल कानस आणायला पाठवलं. माझ्या चेनला 4.8 मिलीमीटरची लागते. ती 30 अंशांत धरायची, फक्त पुढं ढकलायची, मागं ओढताना उचलायची, आणि सगळ्यांत आखूड दाताएवढे बाकीचे करायचे. मी घासायला लागलो तेव्हा ते जवारी सोडून माझ्या कानशीकडं कान लावून बसले. “आता घसरतेय. आता लागली. ऐकू येतंय का?” मला येत नव्हतं. बऱ्याच दातांनंतर आलं. किरकिर थांबते आणि एक भरीव सरसर सुरू होते, ती धार.

मला चेव चढला. प्रत्येक दातापुढं एक बुटका खुंट असतो, दातानं किती खोल चावायचं ते तो ठरवतो. माझ्या पुस्तिकेत फरक फक्त 0.65 मिलीमीटर सांगितला होता. मी चपटी कानस घेऊन खुंटावर झेपावलो तसा त्यांनी माझा मनगटाशी हात धरला. “थांबा. जवारीसारखंच आहे हे. जास्त गेलं की भरून येत नाही.” खुंट जास्त खाली गेला की चेन लाकडात अडकून हिसके मारते. चार खुंट तोवर गेले होतेच.

पुढच्या रविवारी मी गड्यालाच बोलावलं, पूर्ण मजुरीवर. तो सोळा इंची मशीन घेऊन, त्या धाग्यांच्या पँटीत आणि जाळीच्या हेल्मेटमध्ये आला. माझी चेन त्यानं नखानं तपासली.

“धार कुणी लावली?”

“मी.”

“बरी हाय.” त्यानं पिशवीतून आपली जास्तीची चेन आणि बारीक कानस काढून माझ्या हातात दिली. तो बाभूळ कापत होता तोवर मी बांधावर बसून त्याच्या चेनला धार लावत होतो. चहाच्या वेळेला त्यानं ती उचलून उन्हात धरली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

“साहेब, डावीकडचं परत मारा.”