साहेबांच्या चार चाली

आमचे साहेब लोणावळ्याच्या शिबिराहून परतले ते दोन वस्तू घेऊन. एक चिक्कीचा पुडा, दुसरा लॅमिनेट केलेला तक्ता. चिक्की सकाळी अकरापर्यंत संपली. तक्ता भिंतीवर आहे.

तक्त्यात चार चौकोन आहेत. सांगा, पटवा, सोबत घ्या, सोपवा. समोरचा माणूस बघायचा, चौकोन निवडायचा आणि तसं वागायचं. आजवर आमच्याकडे सब घोडे बारा टक्के असा कारभार होता. झाडणी सगळ्यांना एकच, दिवाळीला काजूकतलीचा डबाही एकाच वजनाचा. तेव्हा म्हटलं, बघू या.

सोमवारी बघायला मिळालं. अकाउंट्सच्या अण्णांची सव्वीस वर्षं नोकरी झाली आहे. त्यांना एका व्हाउचरवर सही हवी होती. साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी मागवलं आणि हळू आवाजात विचारलं, "अण्णा, मनातून कसं वाटतंय तुम्हाला?" अण्णा म्हणाले, "सही झाली की बरं वाटेल."

मग साहेब जूनमध्ये लागलेल्या पोराकडे वळले. "तू स्वतंत्र बुद्धीचा आहेस. टीडीएसचं तूच बघ, मी मध्ये पडणार नाही." टीडीएस सात तारखेच्या आत भरायचा असतो. पाच तारखेला पोरगं मोबाइल टेबलाखाली धरून टीडीएस म्हणजे काय ते शोधत होतं.

साहेबांना वाटतं, तक्ता शिबिरवाल्यांनी बनवला. तो पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोघा अमेरिकनांचा. १९६९ साली त्यांनी तो मांडला तेव्हा नाव होतं नेतृत्वाचा जीवनचक्र सिद्धांत. मूल वाढेल तसे आईबाप हात सैल सोडत जातात, तसंच साहेबानं करावं, अशी कल्पना. (आपल्याकडे बाप मुलाच्या चाळिशीपर्यंत हात सोडत नाही, हा भाग वेगळा.) पुढे १९८७ मध्ये संशोधक रॉबर्ट वेक्कियो यांनी हायस्कूलच्या शिक्षकांवर हे सगळं ताडून पाहिलं. नव्यानं लागलेल्यांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी जुळलं. नव्याला काय करायचं ते नीट सांगणारा वरिष्ठ लागतो. जुन्यांच्या बाबतीत तितकं काही हाती लागलं नाही. म्हणजे तक्त्याचा जो चौकोन त्यातल्या त्यात खरा निघाला, नेमका तोच आमच्या पोराच्या वाट्याला आला नाही.

आणि साहेबांनी तक्त्याची मेख वाचलीच नाही. चौकोन माणसाचा नसतो, माणूस आणि काम या जोडीचा असतो. तोच माणूस एका कामात उस्ताद आणि दुसऱ्यात पहिलीतला. अण्णांना बँकेचा मेळ द्या, चार आण्यांचा फरक ते डोळे मिटून काढतील. पण एप्रिलपासून नवं सॉफ्टवेअर आलंय. त्यापुढे अण्णा बसतात ते परीक्षेला बसल्यासारखे. शेजारी शंभर पानी वही, तिच्यात निळ्या शाईनं लिहिलेलं: 'हिरवं बटण आधी. मग थांबणे. गोल फिरायचं थांबलं की पुढे.' प्रत्येक नोंद आधी वहीत, मग एका बोटानं स्क्रीनवर. संध्याकाळी साडेसहाला लाल चौकट उघडते आणि दुपारपासून केलेलं सगळं जातं. अण्णा चष्मा काढून पुसतात. साहेब बॅग घेऊन निघालेले असतात. जाता जाता पाठीवर थाप. "अण्णा, तुम्हाला काय सांगायचं! तुमच्यावर सोपवलंय."

सव्वीस वर्षांच्या माणसाला काही सांगायचं म्हणजे त्याचा अपमान, असं साहेबांनी स्वतःच ठरवून टाकलंय. अण्णांना विचारा. अर्धा तास कोणी शेजारी बसलं तर ते त्याला घरून डबा आणून खाऊ घालतील.

माणूस बघून वागणं कसं असतं ते बघायचं तर १९८१ च्या जुलैत हेडिंग्लेला, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीला जावं लागेल. इंग्लंडच्या इयान बोथमचं कप्तानपद नुकतंच गेलं होतं, आधीच्या कसोटीत दोन्ही डावांत भोपळे. माइक ब्रेअर्ली कप्तान म्हणून परत आला. बोथमला त्यानं गोंजारलं नाही, त्याच्या गोलंदाजीवरून चिडवलं. बॉब विलिसला मात्र सांगितलं, नोबॉलची चिंता सोड, फक्त जोरात टाक. फॉलोऑननंतर बोथमच्या नाबाद १४९ धावा, विलिसचे ४३ धावांत ८ बळी, आणि ऑस्ट्रेलिया १८ धावांनी हरली. संघ एक, सामना एक, पण दोघांना दोन औषधं. ब्रेअर्ली पुढे मनोविश्लेषक झाला. आमचे साहेब पुढच्या महिन्यात महाबळेश्वरच्या शिबिराला जाणार आहेत.

तरी 'सब घोडे बारा टक्के' म्हणताना मी साहेबांवर थोडा अन्यायच केला. झाडणी आणि काजूकतली वगळता ते आधीपासून माणूस बघूनच वागतात. जो उलटून बोलतो, त्याला सोबत घेतात. जो मान खाली घालतो, त्याला सांगतात. मालकांच्या भाच्याला पटवतात, तेही केबिनचं दार लावून. आणि जो बैल ओढतो, पराणी त्यालाच. तक्त्यानं यातलं काहीच बदललं नाही. फक्त प्रत्येक गोष्टीला नाव मिळालं. पूर्वी काम अंगावर ढकललं की आम्ही ढकललं म्हणायचो. आता 'सोपवणे' म्हणायचं आणि अप्रेझलच्या फॉर्मवर त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची.

हे लिहायच्या आधी मी अण्णांच्या वतीनं साहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, फार नको, एकदा शेजारी बसून त्यांना नोंद कशी सेव्ह करायची तेवढं दाखवा. साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि त्यांना मीटिंग आठवली.

साहेबांना ते सॉफ्टवेअर येत नाही. त्यांच्या लॉगिनचा पासवर्ड एप्रिलपासून आयटीच्या मुलाकडे आहे.