कृपया एक्स्पेडाइट

आमच्या सोसायटीचे चिटणीस भाऊसाहेब 36 वर्षं सरकारी कचेरीत होते. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. 'एक्स्पेडाइट' हे क्रियापद त्यांनी आपलं आपणच घरी आणलं. त्या काळात प्रत्येक फाईलवर ते लाल शाईने 'एक्स्पेडाइट' असा शेरा मारत, मग लाल फितीची गाठ पुन्हा घट्ट बांधत आणि फाईल गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत.

आता टाकीचा बॉलकॉक बिघडला तरी ते प्लंबरला फोन करत नाहीत. लेटरहेड, जावक क्रमांक आणि शेवटी 'काइंडली एक्स्पेडाइट'.

त्या सकाळी गच्चीवरून धो धो पाणी वाहत होतं. प्लंबर पान्हा घेऊन जिन्याशी पोचला, तोच भाऊसाहेब आडवे आले.

"पत्र मिळालं?"

"मिळालं साहेब. वाचता नाय आलं, म्हणून लगेच आलो."

"एक्स्पेडाइट! मूळ लॅटिन. एक्स म्हणजे बाहेर, पेस म्हणजे पाय. त्याची षष्ठी पेडिस. एक्स्पेडिरे म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणं. तुझ्या सायकलला पेडल आहे ना? त्यातही हाच पाय!"

प्लंबरने सायकलकडे संशयाने पाहिलं.

"आपला संस्कृत 'पाद' त्याचाच भाऊबंद. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात, असं विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात सांगितलं."

"साहेब, टाकी..."

"येतो त्याच्याकडे. याच्या उलट इम्पीड, म्हणजे पाय अडकवणं. रोमन फौजेच्या सामानसुमानाला इम्पेडिमेंटाच म्हणत. पानिपतावर आपल्याबरोबर बुणगे होते ना, तसलं लोढणं! ते मागे टाकून सडे निघालेले शिपाई, ते एक्स्पेडिटी."

एव्हाना पाणी जिन्याने उतरत दुसऱ्या मजल्यावर आलं होतं. तिथल्या काकूंनी दाराशी पायपुसणी आडवी लावली आणि भाऊसाहेबांच्या नावाने काहीतरी पुटपुटल्या. ते लॅटिन नव्हतं.

"भाऊसाहेब, त्याला वर तरी जाऊ द्या," मी म्हणालो.

"कामाला खोडा मी घालत नाही!" ते उसळले आणि लगेच खुलले. "बघा, खोडा! कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. इम्पीडला मराठीत कसा चपखल शब्द आहे! पण एक्स्पेडाइटला? अडकलेला पाय बाहेर ओढून मोकळं व्हायचं, यासाठी मराठीत काहीच नसावं?"

हळहळत त्यांनी चष्मा पुसला आणि कोश उघडला. ती संधी साधून प्लंबरने काढता पाय घेतला.

दोन मिनिटांत वरचं पाणी थांबलं. भाऊसाहेब जिन्यात उभे राहून अजून मराठी प्रतिशब्द शोधत होते.