काठावरचे वकील

सकाळच्या बॅचला प्रत्येक तलावावर असे एक काका असतातच. पोहायला येतात हे खरं, पण पाण्यात उतरण्याआधी काठावर त्यांची सुनावणी चालते. मास्टर्स स्पर्धांचे नियम त्यांना पाठ, आणि ते कधी नि का बदलले हे त्याहून पाठ. आपल्या तोंडून चुकून जागतिक जलतरण संघटनेचं जुनं नाव, 'फिना', गेलं की ते डोळे मिटून घेतात. "वर्ल्ड अ‍ॅक्वॅटिक्स म्हणायचं आता." फाटकावरच्या पाटीतलं 'अंघोळ करूनच उतरावे' मात्र ते नियमांत धरत नाहीत. अंघोळ ते घरून करून येतात.

त्यांचं वयाचं गणित तर जगावेगळं. मास्टर्समध्ये पंचविशीपासून दर पाच वर्षांचा एक गट, आणि वय धरायचं स्पर्धेच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरचं. काका जन्मले डिसेंबरात. त्यामुळे पासष्ट पुरी व्हायला जवळजवळ वर्ष असताना ते १ जानेवारीलाच ६५-६९ गटात दाखल झाले आणि त्यांनी तलावावर पेढे वाटले. जुने प्रतिस्पर्धी खालच्या गटात अडकले, आता पुढ्यात सगळे आपल्याहून म्हातारे! काकू म्हणाल्या, "निवृत्त झालात तेव्हा आठवडाभर तोंड पाडून बसला होतात, आणि आता पेढे?"

रिलेत तर चौघांच्या वयांची बेरीज लागते. ती २३८ भरली की काका कासावीस होतात, कारण २४० पासून पुढचा गट. मग चपळ पासष्टीच्याला वगळून जरा दमेकरी अडुसष्टीचा शोधायचा. लग्नाच्या बैठकीतही इतक्या जन्मतारखा कुणी विचारत नसेल.

पोहण्याच्या सुटांबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढतो. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले, ते त्या पॉलियुरेथेनच्या सुटांमुळे. २०१० पासून ते बंद झाले, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत कापडीच सूट. काकांची चड्डी या कलमात चोख बसते. तिच्यापासून कुठल्याही विक्रमाला धोका नाही.

पण खरा जीव ब्रेस्टस्ट्रोकमध्ये. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि त्याने पाण्याखाली डॉल्फिन किक मारली म्हणून गदारोळ झाला. पुढच्या वर्षी स्टार्ट आणि टर्ननंतर अशा एका किकला मुभा मिळाली. हे सांगताना काका कमरेतून ती किक करूनही दाखवतात, काठावर, उभ्याने. पाण्यात त्यांचा उजवा गुडघा या दुरुस्तीला अजून राजी नाही. मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते, शिवाय ब्लॉकवर चढायची सक्ती नाही, पाण्यात भिंतीला रेटूनही सुरुवात करता येते. ही कलमं लिहिणारा स्वतः गुडघेदुखीवाला असणार, असा माझा दाट संशय आहे.

थट्टा सोडा, पण ब्रेस्टस्ट्रोकच्या टर्नला दोन्ही हात एकदम लागले नाहीत म्हणून बाद होणारे आमच्यातले कितीतरी जण काकांच्या ओरडण्याने वाचलेत. त्यांनी काठावरून "दोन्ही! दोन्ही!" असा टाहो फोडला की शेजारच्या लेनमधला फ्रीस्टाइलवालासुद्धा दोन्ही हात लावतो.

बॅकस्ट्रोकचा नियम २०२३ मध्ये सैल झाला. पूर्वी शेवटी पूर्ण पाण्याखाली गेलं की बाद. आता पाच मीटरच्या पताकांखालून डोकं पुढे गेलं की बुडी मारून भिंत गाठता येते. काकांनी लगेच सराव सुरू केला. पहिल्या दिवशी पताका ओलांडून ते दिसेनासे झाले, शिट्टी वाजली आणि जीवरक्षकाने कपड्यांसकट उडी घेतली. काखेत धरून वर काढलेल्या काकांनी धापा टाकतच त्याला कलम समजावलं. पोरगं शांतपणे म्हणालं, "काका, खाली जाताना एक हात वर करत जा. बुडताय की नियमाने चाललाय, ते मला कळायला हवं."

त्या हाताला नियमात आधार आहे का, हे काका सध्या तपासताहेत.