मागच्या सेन्सरचा माणूस

अण्णांनी उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. ते निवृत्त झाले तेव्हा कारखाना सुटला आणि आमची सोसायटी सापडली. लिफ्टचं दार असो, टाकीचा फ्लोट असो की गणपतीच्या प्रसादाचे द्रोण, अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काहीही पास होत नाही. दिवाळीत चकल्यांचा व्यास मोजला जातो असं काकू सांगतात, आणि सांगताना अजिबात हसत नाहीत.

अशा माणसाच्या गाडीत एके सकाळी इंजिनचा पिवळा दिवा लागला.

आपण अशा वेळी आठवडाभर त्या दिव्याकडे बघायचंच टाळतो. अण्णा तडक गॅरेजात गेले. स्कॅनरवर कोड आला पी-०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. मेकॅनिक म्हणाला, "काका, नवीन लई महाग पडंल. हाच आतनं पोखरून देतो. मागच्या सेन्सरखाली एक तुकडा बसवला की दिवापण जाईल."

"म्हणजे माल तसाच, फक्त इन्स्पेक्टर आंधळा करायचा?" अण्णांनी किल्ली मागून घेतली. त्या दिवसापासून हे काम पार्किंगमध्ये आलं.

अण्णांचा हा संताप समजायला त्या दोन सेन्सरचं नातं समजून घ्यावं लागतं. ते त्यांनी मला टॉर्च धरायला लावून समजावलं. आमच्या इमारतीत अण्णांसाठी टॉर्च न धरलेला पुरुष नाही. तर, इंजिनातून निघालेला धूर कन्व्हर्टरच्या जाळीदार सिरॅमिकमधून जातो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो आणि तिथे विषारी वायूंची बरीचशी विल्हेवाट लागते. जाळीच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पुढच्याचं व्होल्टेज सारखं खालीवर नाचतं, ते नाचायलाच हवं. मागच्याचं मात्र जवळपास स्थिर राहायला हवं. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला, की कन्व्हर्टर संपला.

"पुढचा प्रॉडक्शनचा माणूस," अण्णा गाडीखालून म्हणाले, "आणि मागचा आमच्या खात्याचा. बाहेर जाणारा माल बघणारा. त्यालाच सगळे शिव्या घालतात." आवाज किंचित ओलावला होता. पण तोंडावर गंज पडत होता, त्याचाही परिणाम असेल.

दुसऱ्या कोणी लगेच नवा कन्व्हर्टर आणला असता. अण्णांनी आधी चौकशी बसवली. "कन्व्हर्टर मरत नाही, मारला जातो!" मग संशयितांची यादी झाली: मिसफायर, जळणारं ऑइल, सायलेन्सरच्या जोडातली गळती. काकू रिक्षाने भाजी आणू लागल्या. अखेर एक प्लग दोषी ठरला. त्याची ठिणगी चुकत होती, न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होतं आणि त्या उष्णतेने जाळी वितळली होती. आरोपी प्लग आजही त्यांच्या कपाटात बंदिस्त आहे.

नाना पेठेतून सुटे भाग आले. वायर जायला बाजूला चीर असलेला २२ नंबरचा गोटी पानाही आला. मेकॅनिकची मजुरी वाचवण्यासाठी आणलेल्या हत्यारांची किंमत मजुरीच्या पुढे गेली, हे काकूंनी एकदाच बोलून दाखवलं. "हत्यार राहतं, मजुरी जाते," अण्णा म्हणाले. हत्यार राहतं ते आपल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर, हे काकूंनी बोलून दाखवलं नाही.

गंजलेले बोल्ट हलेनात. अण्णांनी स्प्रे मारला आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी इंजिन थोडं कोमट करून पाना लावला. आटे न बिघडता जुना सेन्सर निघाला तेव्हा पार्किंगमध्ये टाळ्या वाजल्या. आणि नवा मागचा सेन्सर बसवताना तो अण्णांच्याच हातून फरशीवर पडला.

वरून ओरखडाही नव्हता. "बसवून टाका अण्णा, कोणाला कळतंय?" मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की टॉर्च माझाच विझावा. आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. सेन्सरला लाल फीत बांधली गेली. वहीत नोंद झाली: 'नामंजूर. कारण: हाताळणीत निष्काळजीपणा. जबाबदार: स्वतः.' खाली सही, तारीख. मग पुन्हा नाना पेठ.

सगळं बसलं तरी दिवा लागलेलाच. स्कॅनरने कोड पुसता आला असता. पण ती अण्णांच्या मते रजिस्टरमधली खाडाखोड. सलग तीन चाचणी-फेऱ्यांत दोष दिसला नाही, की दिवा आपणहून विझतो. म्हणून ते काकूंना घेऊन गाडी फिरवत राहिले. लग्नानंतर एवढं फिरवलं नव्हतं, असं काकूंचं निरीक्षण आहे. दिवा विझला.

पीयूसी संपत आलीच होती, म्हणून मला घेऊन अण्णा केंद्रावर गेले. तिथल्या पोराने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद छापायला घेतला. तपासणीची नळी भिंतीवरच्या हुकाला लटकत होती.

"नळी?" अण्णा म्हणाले.

"काका, गाडी पासंय तुमची."

"ते तू नाही, मशीन सांगणार. घाल आत."

मागे रांगेत हॉर्न सुरू झाले. पोराने बहुधा बऱ्याच दिवसांनी त्या नळीवरची धूळ झटकली आणि ती सायलेन्सरमध्ये खुपसली. आकडे आले. मर्यादेच्या पुष्कळ खाली. पोरगा चकित, मी खूश, रांग सुटकेच्या आशेवर.

अण्णांनी चष्मा पुसला. "आता अजून एकदा घे. एका रीडिंगवर आम्ही कधी लॉट पास केला नाही."